हात चावणारी गिटार : फ्रेटच्या चाळीस टोकांचं एक प्रकरण

“दादा, आवाज छान आहे हिचा, पण हात चावते.”

गिटार माझ्या हातात देताना तो एवढंच म्हणाला. नवा बूट चावतो तशी नवी गिटारही चावते, हे मला माहीत होतं. पण ही माझ्याच हातची होती. दोन महिन्यांपूर्वी देताना मी स्वतः फ्रेटबोर्डच्या (मानेवरची लाकडी फळी, जिच्यात फ्रेट म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्या ठोकलेल्या असतात) कडेवरून बोट फिरवून पाहिलं होतं आणि खूश होऊन दिली होती. त्या खुशीला धक्का लागला म्हणून की काय, मी करू नये ते केलं. नीट न बघता कानस उचलली, दोन्ही कडांवर तिरके दहा-दहा हात मारले, वरून पॉलिश पेपर फिरवला आणि “आता नाही चावणार” असं सांगून गिटार परत दिली.

तीन आठवड्यांनी ती पुन्हा माझ्या टेबलावर होती. चावणं जसंच्या तसं. शिवाय दोन नव्या तक्रारी सोबत आल्या होत्या. दुसऱ्या ते पाचव्या फ्रेटवर पुल-ऑफ करताना (दाबलेलं बोट तार ओढून सोडत सूर काढताना) पहिली, म्हणजे सगळ्यात बारीक, तार फ्रेटबोर्डवरून खाली निसटायची. आणि आठव्या फ्रेटवर पहिली तार दाबली की झरझर वाजायची.

म्हणजे एक तक्रार घेऊन आलेली गिटार मी तीन तक्रारींची करून दिली होती. पुढचं सगळं त्या दुसऱ्या फेरीचं आहे.

गिटार कशी होती

स्टीलच्या तारांची अकूस्टिक, स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, ६४८ मिमी, २० फ्रेट. म्हणजे ४० टोकं. मान महोगनीची, फ्रेटबोर्ड एबनीचा. नटपाशी (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी, जिच्यावरून तारा जातात) रुंदी ४३ मिमी, बाराव्या फ्रेटपाशी ५३ मिमी. फ्रेटबोर्डच्या गोलाईची त्रिज्या ४०६ मिमी, कारागिरांच्या बोलीत सोळा इंची. फ्रेटवायर निकेल सिल्व्हरची. या धातूत चांदी औषधालाही नसते. तांबं, जस्त आणि साधारण १८ टक्के निकेल असतं. वर दिसणारा गोलसर भाग, म्हणजे क्राऊन, २ मिमी रुंद आणि १.१ मिमी उंच. खाली लाकडातल्या खाचेत, म्हणजे स्लॉटमध्ये, ठोकली जाणारी दातेरी पट्टी, म्हणजे टँग, १.६ मिमी खोल.

कडेला बाइंडिंग (फ्रेटबोर्डच्या कडेभोवती चिकटवलेली पट्टी) नव्हतं आणि या प्रकरणात त्याला महत्त्व आहे. बाइंडिंग असलं की टँग आतच छाटलेली असते, क्राऊन तेवढा बाइंडिंगवर टेकतो. बाइंडिंग नसेल तर स्लॉट साधारणपणे आरपार जातो आणि टँगचं कापलेलं टोक फ्रेटबोर्डच्या उभ्या बाजूला उघडं दिसतं, लाकडात रुतलेल्या खिळ्यासारखं. (गिब्सनच्या बऱ्याच जुन्या गिटारींवर बाइंडिंगचेच छोटे उंचवटे प्रत्येक फ्रेटच्या टोकाशी ठेवलेले दिसतात. दिसायला सुरेख. पण फ्रेट बदलायची वेळ आली की बहुतेक वेळा ते घासूनच टाकावे लागतात.)

एका टोकाला धारा किती

‘फ्रेटचं टोक टोचतंय’ हे वाक्य ‘पोट दुखतंय’ इतकंच ढोबळ आहे. फ्रेट ठोकून, बाहेरचा तुकडा पक्कडीने तोडून, टोकावर तिरकी कानस मारली की जो उतार तयार होतो तो बेव्हल. या एका उताराने चार वेगवेगळ्या जागी धार तयार होते.

पहिली वर, जिथे उतार क्राऊनच्या माथ्याला मिळतो. ही बोटाच्या पेराला आणि तारेला लागते. दुसरी उताराच्या दोन्ही अंगांना, जिथे तो क्राऊनच्या कुशी कापतो. तिसरी या कुशींच्या तळाशी: क्राऊन लाकडाला टेकतो तिथले दोन अणकुचीदार कोपरे. मी त्यांना पाय म्हणतो. हात मानेवरून वरखाली सरकतो तेव्हा तळव्याची कड या पायांनाच आडवी धडकते, त्यामुळे ‘चावते’ म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांना पाय चावत असतात. चौथी धार क्राऊनवर नसतेच. ती लाकडाच्या पातळीखाली, टँगच्या कापलेल्या टोकाला असते. लाकूड आणि टँग एका पातळीत असेपर्यंत तिचा पत्ताही लागत नाही.

पहिल्या फेरीत यातली कोणती धार टोचतेय, हे मी विचारलंच नव्हतं. मी बेव्हलवर कानस मारली, कारण कानस हाताशी होती.

बघणं

या वेळी तारा काढण्याआधी तासभर फक्त बघितलं. जुना नायलॉनचा पायमोजा हातावर चढवला आणि कडेवरून हलकेच ओढत नेला. बोट चुकतं, पायमोजा चुकत नाही. जिथे धागा अडकेल तिथे पेन्सिलने खूण. चाळीसपैकी एकतीस टोकांवर तो अडकला. दहा पटीच्या भिंगाखाली त्यातली बहुतेक एकसारखीच दिसली. बेव्हल वरून चकचकीत, पायांचे कोपरे तसेच तीक्ष्ण आणि त्यांच्याखाली टँगचं टोक लाकडाबाहेर आलेलं.

मग कॅलिपर. बाराव्या फ्रेटलगत नुसत्या लाकडाची रुंदी ५२.५ मिमी, टँगच्या टोकापासून टोकापर्यंत ५३ मिमी. म्हणजे अर्धा मिलिमीटर फरक, दर बाजूला पाव. पाव मिलिमीटर वाचताना काहीच वाटत नाही. हाताला ती करवत वाटते.

फ्रेट वाढत नाहीत, लाकूड आक्रसतं. रेषांना आडव्या दिशेने लाकूड हवेतल्या ओलाव्याप्रमाणे फुगतं आणि आकसतं, धातू जागचा हलत नाही. फ्रेटबोर्ड मी दमट दिवसांत घडवला होता, तेव्हा खोलीत सापेक्ष आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांच्या घरात होती. अशा हवेत लाकडातला ओलावा १२-१३ टक्क्यांवर स्थिरावतो. नंतर गिटार राहिली एका वातानुकूलित खोलीत. तिथला मीटर ३५ टक्के दाखवत होता, त्या हवेत लाकूड सुमारे ७ टक्क्यांवर येतं. ओलाव्यात पाच-साडेपाच टक्क्यांची घट.

आता एबनीचा स्वभाव बघा. गॅबन एबनी ताज्या, ओल्या लाकडापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत खोडाच्या त्रिज्येच्या दिशेने सुमारे ८.३ टक्के आकसतं. भारतीय शिसव फक्त २.७ टक्के. ओलाव्याच्या दर टक्क्याला एबनी साधारण ०.३ टक्के हलतं, शिसव ०.१ टक्का. ५३ मिमी रुंदीला पाच टक्के ओलावा गेला तर एबनीचा हिशोब ०.८ मिमीच्या आसपास येतो, शिसवीचा पाव मिलिमीटरच्या. प्रत्यक्षात मला अर्धा मिलिमीटर मिळाला, कारण फ्रेटबोर्ड मानेला चिकटवलेला असतो, मान त्याला मोकळं आकसू देत नाही आणि लाकूड दोन महिन्यांत पूर्ण वाळतही नाही. तरी धडा कागदावर दिसतच होता. एबनी काळंभोर दिसतं म्हणून मी घेतलं होतं. ते घडवण्याआधी वाळलेल्या हवेत ठेवायची जबाबदारी त्याच्यासोबत येते, ती मी घेतली नव्हती.

पहिल्या फेरीने काय बिघडवलं

माझी बेव्हलची कानस लाकडी ठोकळ्यात उभ्या रेषेपासून ३५ अंशांवर बसवलेली आहे. ती फ्रेटबोर्डच्या वरच्या काठाला टेकते आणि तिथून बाहेरच्या बाजूला खाली उतरत जाते. टँग पाव मिलिमीटर बाहेर आलेली असेल, तर त्या उतारावर कानशीला टँगचा फक्त वरचा ०.३५ मिमी भाग लागतो. त्याखालचा सव्वा मिलिमीटर कानशीच्या सावलीत सुरक्षित राहतो. वरचा तेवढा कापला जातो आणि खालच्याला एक नवी, ताजी धार मिळते. तासभर घासलं असतं तरी चावणं कमी झालं नसतं. उलट लाकूडच कापलं गेलं असतं.

त्यातही, त्या दिवशी घाईत मी ठोकळा घेतलाच नव्हता. सुटी कानस हाताने धरली होती आणि भिंगाखाली मोजल्यावर बेव्हल ४५ अंशांच्या आसपास गेलेला दिसला. १.१ मिमी उंचीच्या क्राऊनवर ३५ अंशांचा उतार पाऊण मिलिमीटर रुंदी खातो, ४५ अंशांचा पुरता १.१ मिमी. वर माथ्याची धार मोडताना मी आणखी थोडं गोल केलं होतं. नटवर पहिल्या तारेचा मध्य कडेपासून अवघ्या २.५ मिमीवर होता. हिशोब असा: सुरुवातीला तारेच्या मध्यापासून उतार सुरू होईपर्यंत १.७ मिमी सपाट जागा होती, माझ्या ‘दुरुस्ती’नंतर जेमतेम १ मिमी उरली. पुल-ऑफमध्ये बोट तार खालच्या बाजूला ओढूनच सोडतं. एक मिलिमीटर त्याला पुरत नाही. तार उतारावर चढली की घसरगुंडीच.

झरझर कशाने, ते शोधायला वेळ लागला नाही. तीन फ्रेटवर बसेल एवढी सरळ धातूची पट्टी आठव्या, नवव्या आणि दहाव्यावर ठेवली. पहिल्या तारेखाली ती नवव्यावर डुलत होती. म्हणजे नववा उंच. पण उंच म्हणजे जास्त उंचीचा की उचललेला? या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत घासणीला हात लावायचा नाही. लाकडी काडीने नवव्याचं टोक दाबून धरलं तर पट्टी डुलायची थांबली. टोक उचललेलं होतं, ०.०५ मिमीचं फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) त्याच्याखाली अलगद गेलं. असा फ्रेट घासून खाली आणला, तर एखाद्या दिवशी तो बसतो आणि मग तिथे खड्डा पडलेला असतो.

उचलला का, याचं मूळ कानशीच्याही मागे होतं. स्लॉट मी फळी सपाट असताना पाडले होते, २.२ मिमी खोल. नंतर फळीला गोलाई दिली. ४०६ मिमी त्रिज्येच्या गोलाईत, नवव्या फ्रेटपाशी ५१ मिमी रुंदी धरली, तर कडा मध्यापेक्षा ०.८ मिमी खाली जातात. लाकूड कडेला तेवढं उतरलं, स्लॉटचा तळ मात्र तिथेच राहिला. म्हणजे कडेला खोली उरली १.४ मिमी आणि टँग १.६. हे मला माहीत होतं आणि गोलाईनंतर मी सगळे स्लॉट पुन्हा खोल केलेही होते. नवव्याची एक बाजू राहून गेली. तिथली टँग तळाला टेकून उभी होती, गोंदाच्या भरवशावर. माझ्या सुट्या कानशीने आडवे धक्के दिले, गोंद सुटला, टोक उठलं. हा अंदाज नाही असं मी म्हणणार नाही, पण फ्रेट काढल्यावर स्लॉट मोजला तेव्हा तिथे १.४ मिमीच भरले.

आधी थांबणं

पुढचा प्रश्न: बाहेर आलेलं सगळं आत्ताच घासायचं का? यावर कारागिरांत दोन तट आहेत. एक म्हणतो, गिटारला ओलावा द्या, लाकूड फुगेल, टोकं आत जातील. दुसरा म्हणतो, कोरड्यातच घासा, म्हणजे प्रश्न कायमचा मिटला. दोन्ही अर्धे बरोबर आहेत. नुसता ओलावा दिला तर पुढच्या कोरड्या दिवसांत टोकं परत बाहेर. आणि फार कोरड्या अवस्थेत सगळं सपाट केलं, तर फुगल्यावर टोकं आत जाऊन कडेला खळगे पडतात.

मी मधला रस्ता घेतला. गिटार केसमध्ये, ओलावा राखणाऱ्या पाकिटासोबत दोन आठवडे ठेवली. आत मीटर ४५ ते ५० टक्क्यांवर होता. दोन्ही बाजू मिळून फरक अर्ध्यावरून ०.३ मिमीवर आला. हा उरलेला ०.३ घासायचा. जी हवा गिटारला वर्षातले बहुतेक दिवस मिळणार, तिच्यापेक्षा किंचित कोरड्या बाजूला घासलेलं बरं, असं माझं मत आहे. खळगा हाताला कळत नाही, खिळा कळतो.

नववा फ्रेट

घासण्याआधी नववा, कारण सैल फ्रेटवर कानस मारली की तो आणखी सुटतो. सोल्डरिंग आयर्नने फ्रेट तापवला, तळ सपाट घासलेल्या पक्कडीने एका टोकापासून इंचाइंचाने उचलला. एबनी ठिसूळ असतं, स्लॉटच्या काठाचे कपचे उडतात. घाई केली की कपचे शोधायला जमिनीवर बसावं लागतं. दोन छोटे कपचे उडालेच, ते लगेच सुपरग्लूने बसवले.

स्लॉट साफ करून कडेपासून कडेपर्यंत २ मिमी खोल केला. नव्या तुकड्याला फ्रेटबोर्डपेक्षा जरा जास्त बाक दिला. बाक कमी असेल तर ठोकल्यावर मध्य बसतो आणि टोकं स्प्रिंगसारखी वर उठतात. जास्त बाकाचा फ्रेट आधी टोकांवर टेकतो, मग मध्य ठोकला की दाते बाजूला सरकत लाकूड पकडतात. दोन्ही टोकांची टँग मी दीड-दीड मिलिमीटर आधीच छाटली. क्राऊन कडेपर्यंत आला, पण त्याच्याखाली आता टँगच नाही. उरलेल्या फटीत एबनीचा भुसा आणि सुपरग्लू. या एका फ्रेटची टँग पुन्हा कधीच बाहेर येणार नाही. बाकी एकोणीस फ्रेटही असे केले असते तर हे प्रकरणच झालं नसतं, हे तेव्हा लक्षात आलं आणि जरा लागलंही.

उंची जुळवणं, माथा गोल करणं हे नेहमीचं काम. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

आधी कड, मग पाय

आता मुख्य काम. टँगच्या सगळ्या टोकांना काळ्या मार्करने रंग लावला. मानेच्या पॉलिशवर मास्किंग टेपचे दोन थर. लांब सपाट कानस लाकडी ठोकळ्याला चिकटवून, अगदी उभी, फ्रेटबोर्डच्या बाजूला टेकवून मानेच्या लांबीने फिरवली. लांब कानस घ्यायची ती तीन-चार टोकांवर एकदम टेकावी म्हणून. छोटी कानस एकेका टोकापाशी खड्डा करते. दातांत निकेल सिल्व्हर अडकू नये म्हणून कानशीला आधी खडू चोळला. धातूवर असेपर्यंत कानस किर्रकिर्र बोलते. टोक लाकडाच्या पातळीत आलं की आवाज बसका होतो. मार्कर पुसला जाणं आणि आवाज बसणं एकाच वेळी झालं की थांबायचं. एबनीवर उमटलेले ओरखडे ४०० आणि ८०० नंबरच्या पेपरने काढले, तेलाचा हात फिरवला.

एवढ्यावरच पायमोजा पुन्हा फिरवला. एकतीस खुणांपैकी अकरा उरल्या. म्हणजे वीस टोकांवर चावणारी धार टँगची होती, जिला माझी पहिली कानस पोहोचतच नव्हती.

उरलेल्या अकरा म्हणजे पाय. इथे बेव्हलला हातही लावायचा नाही. लागते ती छोटी त्रिकोणी कानस, जिच्या तिन्ही कडांचे दात घासून गुळगुळीत केलेले असतात. एक गुळगुळीत कड लाकडावर टेकवायची, कानशीचं पान पायाच्या कोपऱ्याला लावायचं आणि मनगट वळवत कुशीवरून माथ्याकडे न्यायचं. एका कोपऱ्याला तीन-चार हात पुरे. सुरुवात पायापाशी जास्त दाबाने, वर येताना दाब सोडत. माथ्याला नुसता स्पर्श. उलटं केलं, म्हणजे माथ्यापासून खाली आलं, की माथाच गोल होतो आणि खेळायची रुंदी पुन्हा कमी. या गिटारवर तर माथ्याचा कणही घालवायचा नव्हता.

खुणा अकराच असल्या तरी कोपरे सगळे ऐंशी केले. दर टोकाला दोन पाय, काही मऊ आणि काही टोकदार असले तर हाताला ते आणखी खुपतं. सलग खडबडीतपणा हात विसरतो, मधूनच आलेला खडा विसरत नाही. साडेतीन तास गेले. तिसऱ्या फ्रेटपाशी लक्ष विचलित झालं आणि कानस उलट्या कडेवर वळली, जिचे दात मी नीट घासलेच नव्हते. एबनीवर दोन मिलिमीटरचा ओरखडा पडला. कानस विकत घेताना ‘सेफ’ असं लिहिलेलं असतं म्हणून विसंबू नये. अंगठ्याच्या नखावर फिरवून बघावी. नखावर रेघ उठली तर ती लाकडावरही उठणार.

यानंतर ६००, १००० आणि १५०० नंबरचे पेपर खोडरबराच्या तुकड्याभोवती गुंडाळून. बोटाने धरलेला पेपर कोपरा चुकवतो आणि माथाच घासत बसतो, खोडरबर मात्र टोकाभोवती वळतं.

एक मोह आवरला. हल्ली फ्रेटची टोकं अर्धगोल, मण्यासारखी करण्याची फॅशन आहे. सुंदर दिसतात, उतारही उभा ठेवता येतो, त्यामुळे खेळायची रुंदी वाढते. पण ती कडेपर्यंत न जाणाऱ्या बंद स्लॉटमध्ये, टँग छाटलेल्या फ्रेटवर आणि शक्यतो ठोकण्याआधीच घडवावीत. आधीच ४५ अंशांवर कापलेल्या टोकाचा मणी करायचा म्हणजे आणखी धातू काढायचा. दुसरा मोह लाकडाची कड दोन फ्रेटच्या मध्ये खरवडून गोल करण्याचा. हाताला ते फार गोड लागतं. पण लाकूड गोल झालं की फ्रेटचे पाय अधांतरी राहतात आणि पुन्हा चावू लागतात. मग त्यांना लाकडाच्या मागे न्यावं लागतं. ते या गिटारला परवडणारं नव्हतं.

धातू परत येत नाही

पहिली तार निसटण्याचं काय? घासलेला धातू परत लावता येत नाही. सरळ उपाय म्हणजे पहिले पाच फ्रेट काढून नवे घालणं. दोन महिन्यांच्या गिटारला. मी ते मनात धरूनच बसलो होतो. मग कॅलिपर नटवर ठेवला तेव्हा दुसरा रस्ता दिसला. तार उतारापासून दूर नेण्याचे दोन मार्ग असतात. उतार मागे नेता येत नसेल, तर तार आत घ्यायची.

जुन्या नटवर दोन्ही टोकांच्या तारांमधलं अंतर ३८ मिमी होतं, दोन्ही बाजूंना २.५ मिमी सोडून. ४३ मिमीच्या नटवर ते जरा हावरटपणाचंच होतं. बोटांना मोकळी जागा मिळावी म्हणून मी ते तसं केलं होतं. नवा हाडाचा नट केला. पहिली तार कडेपासून ३.३ मिमीवर, सहावी २.७ मिमीवर. एकूण ३७ मिमी. दोन्ही बाजू सारख्या ठेवल्या नाहीत, कारण सहावी तार कुणी कडेबाहेर ओढत नाही. तिला हलवायचं तेव्हा बोट आतच ढकलतं. मधल्या तारांची वाटणी मध्य ते मध्य न करता तारांमधली मोकळी जागा सारखी ठेवून केली, नाहीतर जाड तारा एकमेकींना चिकटल्यासारख्या वाटतात.

पहिल्या फ्रेटवर सपाट जागा १ मिमीवरून १.८ मिमी झाली. पाचव्यावर त्याहून कमी मिळालं, कारण नट हलवल्याचा फायदा ब्रिजकडे (तारांचं दुसरं टोक जिथे टेकतं तिकडे) जाताना कमी होत जातो. पाचव्या फ्रेटपाशी त्यातला पाऊण हिस्साच उरतो. तिथे ०.६ मिमी जागा वाढली. तार तिथे निसटायची थांबली, पण पाचव्यावर जोरात व्हायब्रेटो केला, म्हणजे तार हलवत सूर थरथरवला, तर ती उतारापर्यंत पोहोचते हे मी करून पाहिलं आणि त्याला सांगितलंही.

पहिल्या फेरीत मी काय केलं होतं, तेही सांगितलं. तो हसला. “म्हणजे दादा, चावणारं एक होतं आणि मार दुसऱ्याला पडला.”

आठ महिन्यांनी

त्यानंतर दमट हवा येऊन गेली. गिटार मी पुन्हा मागवून मोजली. बाराव्या फ्रेटपाशी टँगची टोकं लाकडाच्या ०.१ ते ०.१५ मिमी आत होती, भिंगाखाली दिसणारे बारीक खळगे. पायमोजा कुठेही अडकला नाही. नववा फ्रेट बसलेला, पट्टी डुलत नाही. नटच्या खाचा जरा खोल गेल्या आहेत, त्या तारांच्या वापराने. त्यांचा या प्रकरणाशी संबंध नाही.

तिसऱ्या फ्रेटजवळचा ओरखडा आहे तिथे आहे. पाचव्या फ्रेटचा उतारही लांबच आहे आणि फ्रेट बदलेपर्यंत तसाच राहणार. सध्या टेबलावर असलेल्या फळीचे स्लॉट मी गोलाई दिल्यानंतर पाडलेत, वीसच्या वीस फ्रेटची टँग छाटून ठेवली आहे आणि ती फळी महिनाभर ४५ टक्क्यांच्या पेटीत पडून आहे. तिचं वजन दर आठवड्याला लिहून ठेवतो. गेल्या दोन आठवड्यांत काटा हललेला नाही, तेव्हा उद्या पहिला फ्रेट ठोकायला घेईन.